ना थडगे, ना समाधी : महायुद्धात बुडालेल्या खलाशांची आठवण

जळगावजवळच्या असोद्याला समुद्र नाही. बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून हे गाव महाराष्ट्राला ठाऊक. येथील माणसाला काळी जमीन माहीत, कपाशीचे बोंड माहीत, तापीचा पूर माहीत. समुद्र पाहायचा तर रेल्वेने मुंबई गाठायची. मग असोद्यासारख्या गावातल्या वाचकाने समुद्रात बुडालेल्या खलाशांची आठवण का काढावी, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या शेतातल्या कापसापासूनच सुरू होते.

कापसाची वाट

खान्देशातला कापूस शेतातून जिनिंगमध्ये जाई. सरकी वेगळी होई, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जात आणि त्या गाठी रेल्वेच्या वाघिणींतून मुंबईला पोहोचत. तेथे काही कापूस गिरण्यांत जाई आणि उरलेला बोटीत चढे. कुठे लँकेशायर, तर कुठे जपान! शेतात वेचणारी बाई आपली, जिनिंगमध्ये राबणारा मजूर आपला, गोदीत पाठीवर गाठ वाहणारा हमालही बहुधा आपलाच. पण या साखळीतला शेवटचा माणूस आपण कधी पाहिला नाही. तो म्हणजे बोटीवरचा खलाशी.

हा खलाशी कोण होता? कोणी रत्नागिरी-कुलाब्याकडचा कोकणी मुसलमान, कोणी खारवी, कोणी भंडारी. जेवणघरात आणि उतारूंच्या सेवेत गोव्याचे ख्रिस्ती. बोटीच्या पोटात, भट्टीपुढे कोळसा ओढणारे पंजाबचे आणि सिल्हेटचे. इंग्रज त्यांना सरसकट ‘लास्कर’ म्हणत. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांहून अधिक हिंदी खलाशी होते. साम्राज्याचा व्यापार तोफांच्या जोरावर चालतो असे आपण वाचतो. पण बोटीचे चाक फिरत होते ते या माणसांच्या घामावर.

सैन्यात गेलेल्या आपल्या माणसांचाही या खलाशांशी संबंध आला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या लढाईसाठी मुंबई बंदरातून पलटणी आणि मजुरांच्या तुकड्या रवाना झाल्या. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. सैनिकाची आठवण घरात राहते. पदक राहते, भिंतीवर गणवेशातला फोटो राहतो, पेन्शनचा कागद राहतो. परंतु सैनिकाला, त्याच्या धान्याला आणि दारूगोळ्याला समुद्रापार नेणाऱ्या खलाशाला गणवेशही नव्हता. तो सैनिक नव्हता; तो नोकरीवर गेलेला कामगार होता. मात्र टॉर्पेडो हा भेद पाळत नव्हता.

बाबासाहेब आणि १९१७ चा समुद्र

ज्या समुद्रात हे खलाशी मरत होते, त्याच समुद्रातून आपले बाबासाहेब मायदेशी परतले, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडावा लागला. मार्सेलिस बंदरात ते ‘कैसर-इ-हिंद’ या बोटीवर चढले आणि ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला उतरले. त्यांची पुस्तके आणि सामान थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने येणार होते. ती बोट टॉर्पेडोने बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी गेली. कंपनीकडून त्यांना ६०० रुपये भरपाई मिळाली.

ही हकिकत आपण बाबासाहेबांच्या चरित्रात वाचतो आणि पुस्तकांसाठी हळहळतो. हळहळावेच. पण त्याच वेळी आणखी एक विचार मनात यायला हवा. पुस्तकांची भरपाई झाली. बोटी बुडत होत्या तेव्हा त्यांच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसांचे काय? बोटीच्या पोटातला आगवाला हा धोक्याच्या सर्वांत जवळ असे. टॉर्पेडो पाण्याच्या पातळीखाली आदळतो. पाणी प्रथम त्याच्याच अंगावर येते आणि वर येण्याची शिडी त्याच्याचपासून सर्वांत लांब असते.

त्या वर्षांतला धोका किती खरा होता, ते पाहा. ३० डिसेंबर १९१५ रोजी लंडनहून मुंबईकडे निघालेली ‘पर्शिया’ ही उतारूंची बोट क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने कोणतीही सूचना न देता बुडवली. काही मिनिटांत बोट गेली आणि तीनशे चाळीसच्या वर माणसे मरण पावली. २३ जून १९१७ रोजी, म्हणजे बाबासाहेब मुंबईत उतरण्यापूर्वी अवघे दोन महिने, ‘मंगोलिया’ ही बोट मुंबईजवळच्या समुद्रात सुरुंगावर आदळून बुडाली. ‘वुल्फ’ नावाच्या जर्मन जहाजाने ते सुरुंग पेरून ठेवले होते. २३ माणसांचे प्राण गेले. युद्ध दूर युरोपात चालले आहे असे मुंबईकरांना वाटत होते आणि मरण त्यांच्या बंदराच्या तोंडाशी येऊन बसले होते.

अर्धी जागा, तुटपुंजा पगार

एकाच बोटीवर, एकाच समुद्रावर, एकाच धोक्यात असताना माणसामाणसांत केवढा फरक! हिंदी खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याएवढा असे. झोपण्याच्या जागेचाही कायदा होता. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे गोऱ्या खलाशाला ७२ घनफूट जागा. हिंदी खलाशाला फक्त ३६ घनफूट. माणसाला किती हवा लागते हे कातडीच्या रंगावरून ठरविले गेले होते.

आणि ही उतरंड गोऱ्या-काळ्यापाशीच थांबली नव्हती. खलाशांच्या तांड्यावर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग खलाशी. इंजिनाकडे आगवाले आणि कोळसेवाले. स्वयंपाकाला भंडारी. आणि सर्वांच्या शेवटी ‘टोपस’, म्हणजे बोटीवरचे संडास आणि मोऱ्या साफ करणारा. गावाच्या वेशीबाहेरचे काम बोटीवरही कोणाला तरी नेमून दिलेले होतेच. जमीन सुटली, किनारा दिसेनासा झाला, तरी माणसाची पायरी सुटली नाही. हे वाचून आपल्या वाचकांना नवल वाटणार नाही. फक्त ओळख पटेल.

पण हे खलाशी निमूट सोसणारे नव्हते. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले आणि पाणबुड्यांच्या तोंडी जायचे तर पगार वाढवा, युद्धभत्ता द्या, अशी मागणी घेऊन ब्रिटनच्या बंदरांत हिंदी खलाशांनी काम थांबवले. संपाचे लोण दूरच्या बंदरांपर्यंत गेले. शेकडो खलाशांना तुरुंगात टाकले गेले. अखेर मालकांना पगारवाढ द्यावी लागली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, ज्यांच्या पाठीशी परक्या देशात कोणी नव्हते, त्यांनी संघटित होऊन हे मिळवले. ‘संघटित व्हा, संघर्ष करा’ हा धडा त्यांनी आपल्या परीने गिरवला होता.

अटलांटिकची थंडी

१७ सप्टेंबर १९४० च्या रात्री ‘सिटी ऑफ बनारस’ ही बोट अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुडीने बुडवली. नाव आपल्या बनारसचे, बोट इंग्रज कंपनीची. इंग्लंडवर बॉम्ब पडत होते म्हणून ९० मुलांना सुरक्षिततेसाठी कॅनडाला नेले जात होते. त्यांपैकी ७७ मुले मेली. इंग्लंडभर शोक झाला आणि तो योग्यच होता. कोणाचेही लेकरू मरो, आईचे काळीज सारखेच फाटते.

पण त्याच बोटीवर दीडशेहून अधिक हिंदी खलाशी होते आणि त्यांच्यापैकी शंभरावर त्या थंडीत गेले. उष्ण देशातली माणसे, अंगावर पातळ सुती कपडे, बर्फासारखे पाणी आणि वादळी वारा! एक होडी तर आठ दिवस समुद्रावर भरकटत राहिली. तिच्यात ४६ माणसे होती : सहा मुलगे, काही मोठी माणसे आणि ३२ हिंदी खलाशी. विमानाने त्यांना पाहिले आणि युद्धनौकेने वाचवले. त्या सहा मुलांच्या सुटकेची कथा पुढे अनेकांनी लिहिली. त्याच होडीत, त्याच तहानेने व्याकूळ झालेल्या ३२ जणांपैकी किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत?

हिंदी महासागरही सुरक्षित नव्हता

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि युद्ध आपल्या दाराशी आले. जानेवारी १९४२ मध्ये सिंदिया या हिंदी मालकीच्या कंपनीच्या ‘जलराजन’, ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’ या तीन बोटी जपानी पाणबुड्यांनी एका महिन्यात बुडवल्या.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ‘तिलावा’ ही बोट मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. मोंबासा, मापुटो, दरबान असा तिचा मार्ग. उतारू, खलाशी आणि तोफची धरून साडेनऊशेवर माणसे होती. आफ्रिकेत दुकान थाटलेले, नोकरीला जाणारे, नवऱ्याकडे निघालेल्या बाया, त्यांची मुले. २३ नोव्हेंबरच्या पहाटे जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही. वाचलो, अशा आशेने काही जण होड्यांतून बोटीवर परतले आणि दुसरा टॉर्पेडो आदळला. २८० माणसे गेली. ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने बहुतेक वाचलेल्यांना उचलून २७ नोव्हेंबरला मुंबईत आणले.

‘तिलावा’बरोबर २ हजार ३०० हून अधिक चांदीच्या लगडीही बुडाल्या होत्या. २०१७ साली एका कंपनीने त्या समुद्रतळातून वर काढल्या. चांदीचा मालक कोण, यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला आणि २०२४ साली निकाल लागला. माणसांच्या स्मरणाला मात्र मुंबईत सभा भरायला २०२२ साल उजाडले. घटनेला तोवर ८० वर्षे झाली होती. चांदीला वारस मिळायला वकील उभे राहतात. माणसाच्या आठवणीला वारस आपणच व्हावे लागते.

१४ एप्रिल १९४४

१४ एप्रिल म्हटले की आपल्या घराघरांत निळे झेंडे, पंचशील आणि मिरवणूक डोळ्यांसमोर येते. १९४४ साली याच तारखेला दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीचा भीषण स्फोट झाला. बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. कापसाला आग लागली की ती धुमसत राहते, विझता विझत नाही, हे कपाशीच्या मुलखातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तीच आग दारूगोळ्यापर्यंत गेली. ६६ अग्निशामक जवान कर्तव्यावर मेले. एकूण मृत्यूंचे अंदाज आठशे ते तेराशे असे आहेत. त्यांत गोदी कामगार होते, खलाशी होते, आजूबाजूच्या वस्तीतली गरीब माणसे होती. जयंतीच्या दिवशी बाबासाहेबांना वंदन करताना या कष्टकऱ्यांचीही एक क्षण आठवण ठेवली, तर तो दिवस उणा होणार नाही.

नाव कोरले जाणे म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६,६०० हिंदी खलाशी मरण पावले. हजारावर जखमी झाले आणि बाराशेच्या वर शत्रूच्या कैदेत पडले. पहिल्या महायुद्धातील मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास सांगितला जातो. आकडे कानावरून जातात. नाव मात्र मनात राहते.

दगडावर कोरलेले नाव काय करते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. त्यांत शेवटी ‘नाक’ लागणारी २२ नावे आपल्या पूर्वजांची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. ज्यांची सावली नको होती, त्यांची नावे त्या दगडावर होती. ती नावे वाचून एका समाजाची मान वर झाली. स्तंभावर नुसते ‘२२ शिपाई’ असे लिहिले असते, तर हे घडले असते काय?

तसे लिहिलेही गेले आहे. इराकमध्ये बसऱ्याला पहिल्या महायुद्धाचे मोठे स्मारक उभारले गेले, तेव्हा हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या टाकली. साम्राज्याची स्मारके आणि कबरी सांभाळणाऱ्या ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन’ने २०२१ साली स्वतःच अहवाल काढून मान्य केले की, पहिल्या महायुद्धातल्या निदान ४५ हजार आशियाई-आफ्रिकी मृतांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही; आणि लाखाहून अधिक मृतांचे तर नावानिशी किंवा अजिबातच झाले नाही. त्याबद्दल माफीही मागितली.

खलाशांचे काय झाले? लंडनला टॉवर हिलच्या बागेत व्यापारी जहाजांवरील मृतांचे भव्य स्मारक आहे. दोन्ही महायुद्धांची मिळून सुमारे ३६ हजार नावे तेथे आहेत. त्याच बोटींवर त्याच रात्री मेलेल्या हिंदी खलाशांची नावे मात्र वेगळी काढून मुंबईला आणि चितगावला ठेवली गेली. मुंबईत मस्जिद बंदरच्या ‘इंडियन सेलर्स होम’मध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील नौदल आणि व्यापारी जहाजांवरील सुमारे साडेसहा हजार हिंदी खलाशांची नावे एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईत आणि एक चितगावला. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशांची ही यादी. मस्जिद बंदर स्टेशनावर रोज हजारो माणसे उतरतात. व्यापारी, हमाल, गिऱ्हाईक. या यादीची वार्ता त्यांतल्या फार थोड्यांना असते.

मागे राहिलेली बाई

कुटुंब-पुरवणीच्या वाचक भगिनींना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बोट बुडाली म्हणजे प्रेत नाही, राख नाही, माती द्यायला कबर नाही. घरी येते ती फक्त बातमी, तीही उशिरा. युद्धकाळात बोट कुठे आहे हे गुप्त ठेवले जाई. तेव्हा बायकोने विचारायचे कोणाला? ‘बेपत्ता’ हा सरकारी शब्द. पण त्या शब्दाने एका बाईचे सारे आयुष्य दारात उभे राहते. कपाळाला काय करायचे, पोरांना काय सांगायचे, पैसा कुठून येणार, आणि तो खरेच येणारच नाही काय?

मृत्यूचे दुःख काळाने निवते, असे म्हणतात. ज्या मृत्यूला तारीख नाही, जागा नाही, साक्षीदार नाही, ते दुःख निवत नाही. ते नुसते जुने होते. म्हणून यादीतल्या त्या एका ओळीला मोल आहे. नाव, हुद्दा, बोट आणि तारीख एवढेच असते तिच्यात. पण त्या ओळीमुळे नातवंडांना म्हणता येते : आमचा आजा पळून गेला नव्हता, आम्हाला विसरला नव्हता, तो कामावर असताना, अमुक दिवशी, अमुक बोटीबरोबर गेला.

आपण काय करू शकतो?

आपल्या नात्यात, ओळखीत किंवा शेजारात बोटीवर गेलेला आणि परत न आलेला कोणी असेल, तर शोध घेता येतो. वर सांगितलेल्या कमिशनच्या संकेतस्थळावर नाव घालून विनामूल्य पाहता येते. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम तासाभरात करील. मात्र इंग्रज कारकुनाने आपली नावे कानाला येतील तशी लिहिली आहेत. एका नावाची स्पेलिंगे तीन-चार प्रकारे करून पाहावीत. बोटीचे नाव किंवा वर्ष ठाऊक असेल तर शोध सोपा होतो.

पेटीतले जुने कागद जाळू नका, रद्दीत देऊ नका. खलाशाची नोंदवही, पदक, मनिऑर्डरची पावती, परदेशी शिक्क्याचे पाकीट, काहीही असो. त्याच्या मागे नाव, सन आणि नाते लिहून ठेवा. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्या तोंडून ऐकून घ्या.

५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली याच दिवशी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून १९६४ पासून हा दिवस पाळला जातो. तो बंदराच्या शहरांपुरताच राहू नये. असोद्याच्या किंवा कोणत्याही गावच्या शाळेत त्या दिवशी शिक्षकांनी नकाशावर बोटीची वाट दाखवावी आणि ती चालवणाऱ्या माणसांविषयी दोन शब्द सांगावेत. एप्रिलचा तो पंधरवडा तसाही आपल्या अभिवादनाचा असतो.

आणि हे सारे जुने झाले असेही समजू नका. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू बोटीवर क्षेपणास्त्र आदळले, तीन खलाशी ठार झाले आणि आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने २१ जणांना वाचवले. मेलेले तिघे फिलिपाइन्स आणि व्हिएतनामचे. देश बदलले, तेल कोळशाच्या जागी आले. दुसऱ्याच्या लढाईत सापडणारा तो गरीब घरचा, घरी पैसे पाठवणारा माणूसच आहे.

धर्माने, प्रांताने, भाषेने हे खलाशी आपल्याहून निराळे होते. कष्टाने आणि अपमानाने ते आपले होते. त्यांनी आपला कापूस वाहिला, आपले सैनिक वाहिले आणि ज्या वर्षी त्यांच्यातले कित्येक बुडाले, त्याच वर्षी त्यांच्यासारख्यांनीच चालवलेल्या बोटीने आपला मुक्तिदाता सुखरूप मायदेशी आणला. ज्यांना थडगे नाही, समाधी नाही, त्या सर्व खलाशांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!